प्रोसेसरचा ताप

मराठी विभागाची संपादिका माझी बेंचमेट. "लेख दे," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी कॉन्व्हेंटवाली. माझं ऱ्हस्व-दीर्घ रामभरोसे." तर म्हणते, "ते आम्ही बघू, तू फक्त मजकूर दे." तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यात जे शुद्ध असेल ते तिचं आणि अशुद्ध दिसेल ते माझं, असं समजून वाचा.

विषय तसा रुक्ष आहे. माझ्या घरच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा की नाही? तुम्ही म्हणाल, यात लेख लिहिण्यासारखं काय आहे! मलाही तसंच वाटलं होतं. पण गेली दिवाळी मी याच एका प्रश्नात घालवली. फराळसुद्धा नीट खाल्ला नाही (हे आईचं मत).

आमचा कॉम्प्युटर २०१७ चा. मे महिना होता, मी सातवीत गेले होते. जुलैपासून जीएसटी येणार, भाव वाढणार अशी सगळीकडे हवा होती. बाबांनी रजा टाकली आणि मला घेऊन सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघाले. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हे मला त्या दिवशी कळलं, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणत होते. चार दुकानं फिरून, घासाघीस करून बाबांनी मशीन ठरवलं. इंटेलचा आय-फाइव्ह ७४००, एच-११० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. संध्याकाळच्या पंचवटीत मॉनिटरचा खोका बाबांच्या मांडीवर आणि कॅबिनेट माझ्या पायांमध्ये. इगतपुरीला वडा खाताना बाबा म्हणाले, "चार कोअर आहेत म्हणे आत. चार कोअर म्हणजे काय गं?" मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "फास्ट असतो." ते खूश झाले.

बाबा सातपूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. आयटीआय फिटर. शिक्षण सगळं मराठीतून. मला मात्र त्यांनी हट्टाने कॉन्व्हेंटमध्ये घातलं, आणि त्याचा एक परिणाम असा झाला की कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून त्याच्याबद्दल घरात फक्त मीच बोलायचं, असं आपोआप ठरून गेलं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर नोटिसा टाइप करायला बसायचे, पण काही अडलं की माऊसवरचा हात काढून गप्प बसायचे. हाक मारायचे नाहीत. मी येईपर्यंत तसेच!

२०२१ मध्ये आम्ही सातपूरच्या भाड्याच्या घरातून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आलो. टेम्पोत कॅबिनेट गॅस सिलिंडरच्या शेजारी आडवं पडून आलं. त्यानंतर कॉम्प्युटर हळूहळू मंद व्हायला लागला. आईचं म्हणणं, "घर बदलल्यापासूनच हे असं करतंय, दृष्ट लागली." मी हसायचे. इंजिनिअरिंगला गेल्यावर तर जास्तच हसायचे. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आता टी.ई.ला आमचा मिनी प्रोजेक्ट आहे, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब ठेवणारं अँड्रॉइड ॲप. (उन्हाळ्यात टँकर किती आले आणि बिल कितीचं लागलं, यावरून आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे महाभारत होतं ते पाहून सुचलेला विषय.) त्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ लागतं. ज्यांनी ते वापरलंय त्यांना पुढचं सांगायला नको. 'रन' दाबायचं, उठायचं, चहा ठेवायचा, तो उकळेपर्यंत थांबायचं, गाळायचा, परत यायचं, आणि पडद्यावर ती निळी रेघ अजून अर्ध्यातच! एकदा मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजलं. सहा मिनिटं. एक ओळ बदलली की सहा मिनिटं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ग्रुप आमच्या घरी आला. सुट्टीनंतर लगेच रिव्ह्यू होता आणि माझा भाग सगळ्यात मागे होता. मी ॲप दाखवायला बसले आणि एम्युलेटर लटकला. पांढरा पडदा. माऊससुद्धा हलेना. ग्रुप लीडरने घड्याळाकडे बघितलं. मला इतकी लाज वाटली की मी फाडकन इंग्लिशमध्ये बोलून गेले, की ही वस्तू म्हणजे निव्वळ स्क्रॅप आहे, बाबांनी काय बघून आणली होती देव जाणे. मागे वळले तर दारात बाबा. हातात चिवड्याच्या प्लेट्स.

मी इंग्लिशमध्ये बोलले होते. पण 'स्क्रॅप' हा शब्द मेंटेनन्सच्या माणसाला कोणत्याही भाषेत कळतो.

ते काहीच बोलले नाहीत. प्लेट्स ठेवल्या आणि गेले. मीही विषय काढला नाही. मनात म्हटलं, बरं झालं, कळलं तरी. आणि उत्साहाने नव्या प्रोसेसरच्या मागे लागले.

आता थोडं टेक्निकल. आमच्या मदरबोर्डवर बसेल असा मोठ्यातला मोठा भाऊ म्हणजे सातव्या पिढीचा आय-सेव्हन. त्यातला ७७०० मला परवडेलसा होता. त्यालाही कोअर चारच, पण प्रत्येक कोअर दोन धागे सांभाळतो, म्हणजे विंडोजला ते आठ दिसतात. वेग ३.६ ते ४.२ गिगाहर्ट्झ. माझ्या ७४०० चा ३ ते ३.५. नवीन काही मिळत नाही, सेकंडहँडच घ्यावा लागतो. शालिमारजवळच्या एका दुकानदाराने साडेआठ हजार सांगितले. त्याच्या पुढचा, म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर माझ्या बोर्डावर चालत नाही. गंमत म्हणजे सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. टोकंही तेवढीच, ११५१. पण कुठल्या टोकातून काय जायचं ही वाटणी बदलली, विजेसाठी जास्त टोकं राखली, त्यामुळे त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. आम्ही मशीन घेतलं मेमध्ये, आणि पाच महिन्यांत तो रस्ता बंद!

तिसरा पर्याय म्हणजे सगळंच नवीन. बोर्ड, प्रोसेसर, रॅम. दुकानदाराने कॅल्क्युलेटर बडवून एकतीस हजार सांगितले. "आणि मॅडम, रॅमचं आजचं सांगतोय. उद्या विचाराल तर उद्याचा भाव." तेव्हा खरंच रॅमचे भाव चढायला लागले होते. ए.आय.ची मोठमोठी डेटा सेंटर्स मेमरी उचलत होती आणि २०२५ संपता संपता आपल्यासारख्यांच्या रॅमच्या किमती भडकल्या.

दुकानदाराने मदरबोर्डचं नेमकं मॉडेल विचारलं होतं. बिलावर असेल म्हणून मी कपाटातली एलआयसीची फाइल काढली. बाबा सगळी बिलं त्यातच ठेवतात. बिल मिळालं. त्याच्यावरच पतपेढीचा कर्जाचा अर्ज होता. कोरा नाही, भरलेला. बाबांच्या सुवाच्य अक्षरात. रक्कम चाळीस हजार. कर्जाचे कारण : मुलीचे शिक्षण, कॉम्प्युटर. खाली दोन जामीनदारांच्या सह्यासुद्धा झालेल्या. एक शेजारचे काका, एक त्यांच्या शिफ्टमधले. तारीख, ग्रुप घरी आला होता त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

फ्लॅटचा हप्ता किती जातो ते मला माहीत आहे. बाबांनी दोन वर्षांपासून चष्म्याची काच बदललेली नाही, हेही. आणि या माणसाने माझ्या एका शब्दापायी दोन जणांना जामीन राहायला सांगितलं होतं! मी अर्ज होता तसा ठेवला. रडले वगैरे नाही. पण रात्री झोप लागली नाही एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी बाबांची सुट्टी होती. मी म्हटलं, "बाबा, कॉम्प्युटर हळू चालतोय ना, जरा बघता का?" ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "मलाही कळत नाहीये." हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन.

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आमच्याकडे मशीन हळू झालं की ऑपरेटर येऊन सांगतो, मोटर गेली, मोटर बदला. मोटर महाग असते. म्हणून आम्ही आधी बेल्ट बघतो, मग बेअरिंग बघतो, मोटर सगळ्यात शेवटी. यात मोटर कुठली?"

"प्रोसेसर."

"मग त्याला आत्ता किती ताप आहे ते दिसतं का कुठे?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी कोअर मोजत होते, गिगाहर्ट्झ मोजत होते, तापमान बघितलंच नव्हतं. एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं, अँड्रॉइड स्टुडिओ चालू केलं आणि बाबांना आकडे वाचायला सांगितले. ते वाचायला लागले, "एकोणऐंशी... सत्त्याऐंशी... एकोणनव्वद..." मी पेन धरून बसले होते आणि मला एकही कळेना! कॉन्व्हेंटच्या मुलीला एकोणनव्वद म्हणजे एटीनाइन की नाइन्टीनाइन हे उभ्या जन्मात पाठ होत नाही. शेवटी बाबांनी पेन माझ्या हातातून घेतलं. "तू बघ, मी लिहितो." आकडा ९८ वर गेला आणि तिथेच थांबला. त्याच वेळी वेग बघितला तर १.८ गिगाहर्ट्झ. या प्रोसेसरची तापाची हद्द १०० अंश सेल्सियस आहे. तिच्या जवळ गेला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे तीन-साडेतीनचा घोडा माझ्या घरात चार वर्षं १.८ ने चालत होता आणि मी त्याला म्हातारा म्हणत होते.

बाबांनी कॅबिनेटची बाजू उघडली. आत धूळ होती, उदबत्तीची राख होती, एक झुरळ (मेलेलं) होतं. मला वाटलं, हीच ती धूळ, सापडला चोर. पण बाबांनी वेगळंच केलं. मोटर तापली आहे का हे बघायला मेंटेनन्सची माणसं हाताची पाठ लावतात, तळवा नाही. तशी त्यांनी पंख्यापासून बोटं सांभाळत, प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या कडेला हाताची पाठ लावली. मग पडद्याकडे बघितलं. मग परत हात लावला.

"आत अठ्ठ्याण्णव आणि हा कोमट? मग हे दोघं एकमेकांना लागलेलेच नाहीत."

मी बघतच राहिले. हीट ट्रान्सफर हा विषय मेकॅनिकलवाल्यांना पूर्ण सेमिस्टर असतो. आमच्या पुस्तकातही हीट सिंकची आकृती आहे. पण प्रोसेसर उकळतोय आणि त्याच्या डोक्यावरचा धातू कोमट आहे, याचा अर्थ मधे फट आहे, हे मला पुस्तक समोर असून सुचलं नसतं.

मशीन बंद करून, प्लग काढून बघितलं. इंटेलच्या खोक्यातल्या त्या गोल पंख्याला प्लास्टिकचे चार पाय असतात, बोर्डाच्या भोकांत दाबून बसवायचे. त्यातला एक निसटून वर आला होता. टेम्पो, सिलिंडर, खड्डे... थोडक्यात, आईची दृष्ट! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी सांगत होते." आम्ही दोघांनीही मान्य केलं.

पंखा काढला तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मी बाबांना समजावून सांगितलं की दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी मधे बारीक खड्डे असतात, त्यात हवा राहते, हवा उष्णता नीट नेत नाही, म्हणून ही पेस्ट. बाबा म्हणाले, "म्हणजे लांबी भरतात तशी." अगदी तशीच! सुतार लाकडावर लांबी भरतो तशी. 'थर्मल इंटरफेस मटेरिअल' याला इतका सोपा मराठी शब्द असेल असं वाटलं नव्हतं. दीडशे रुपयांची ट्यूब आणली, वाटाण्याएवढा ठिपका ठेवला, चारही पाय टक् टक् टक् टक् बसले. पुन्हा आकडे. आता ६८ अंश आणि ३.३ गिगाहर्ट्झ. सहा मिनिटांची पाच मिनिटं झाली.

पाचच! मला वाटलं होतं, आता विमान होईल. पण पाच मिनिटं म्हणजेही चहाच. मी जरा हिरमुसले. बाबा म्हणाले, "बेल्ट झाला. आता बेअरिंग बघ."

मग टास्क मॅनेजर उघडून बसले, या वेळी शांतपणे. प्रोसेसरचा रकाना बराच वेळ पंचवीस टक्क्यांच्या आसपास. रॅम ९४ टक्के. आणि डिस्क १०० टक्के, लाल, हलायचं नाव नाही. हा रकाना रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, मी फक्त पहिलाच बघायचे. झालं होतं असं, की अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर मिळून १६ जीबी रॅमची अपेक्षा करतात, माझ्याकडे होती ८. रॅम भरली की विंडोज जास्तीचं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ती हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे फिरते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, आणि हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. चार मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात एक कोटी वीस लाख ठोके होतात. एक कोटी वीस लाख वेळा तो 'आलं का? आलं का?' करत बसतो. अशा ठिकाणी आय-सेव्हन आणून काय होणार? तो जरा जास्त वेगाने वाट बघणार.

कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये ॲम्डालचा नियम येतो. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला. परीक्षेला हमखास विचारतात म्हणून मी तो दोनदा पाठ केला आणि दोनदा विसरले. त्याचा भावार्थ असा की एखादा भाग तुम्ही कितीही वेगवान केलात, तरी फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच. आता तो माझ्याच घरात लावून बघितला. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यात प्रोसेसरचं खरं काम, ढोबळ मानाने पाव हिस्सा, ७५ सेकंद. आय-सेव्हन ७७०० दीडपट वेगवान आहे असं उदार मनाने धरलं तरी ७५ चे ५० होतात. वाचले पंचवीस सेकंद. आणि समजा जगातला सगळ्यात वेगवान, अनंत वेगाचा प्रोसेसर आणला तरी २२५ सेकंद राहतातच. पावणेचार मिनिटं. चहा काही सुटत नाही.

बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच त्यांच्या पद्धतीने हिशोब मांडला. साडेआठ हजार भागिले पंचवीस सेकंद. एका सेकंदाला ३४० रुपये. पेस्टचा काढला तर दीडशे रुपयांत साठ सेकंद, म्हणजे एका सेकंदाला अडीच रुपये! "असा हिशोब," ते म्हणाले, "आमच्या परचेसवाल्यांना शिकवायला पाहिजे."

मग ठरलं. ५०० जीबीची साधी साटा एसएसडी, तीन हजार. तिच्यात फिरणारं काही नाही, सुई नाही, अर्धा फेरा नाही. आणि ८ जीबी रॅमची एक जुनी पट्टी, एका सीनिअरकडून दीड हजारात (त्याने नंतर भाव बघितले आणि हळहळला). साडेचार हजार. माझ्या शिकवणीच्या पैशातून. सगळं बसवून 'रन' दाबलं आणि सवयीने उठले. गॅसपर्यंत पोचायच्या आत बाबांची हाक आली, "अगं, झालं!" एक मिनिट पन्नास सेकंद. वाचलेले सेकंद १९०, दर सेकंदाला साधारण चोवीस रुपये. हेही बाबांनीच लिहून ठेवलं.

मात्र यावरून कोणी असं समजू नका की प्रोसेसर बदलणं म्हणजे पैशाचा चुराडा. माझ्या लॅब पार्टनरचं उदाहरण बघा. तिचं मशीन एएमडीचं, २०१९ मध्ये घेतलेलं, बी-४५० बोर्ड, रायझेन ५ २६००. ती ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करते. रेंडर लावलं की तिचे सगळे कोअर तासन् तास १०० टक्के, डिस्क निवांत. तिच्याकडे खरोखर मोटरच कमी पडत होती. तिने बायॉस अपडेट करून त्याच सॉकेटमध्ये ५६०० बसवला. कोअर तितकेच, सहा, पण दोन पिढ्या पुढचे. बोर्ड तोच, रॅम तीच. एएमडीने एएम-४ हे सॉकेट २०१७ च्या रायझेनपासून पुढे इतकी वर्षं चालवलं, की २०२४ मध्येसुद्धा त्याच्यासाठी नवे प्रोसेसर आले. तिचा निर्णय तिच्या जागी शंभर टक्के बरोबर. मी बाबांना दोन्ही सॉकेटची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "तिचा बोल्ट तोच आणि आटेही तेच. तुझा बोल्ट तोच, पण आटे बदलले."

एक गोष्ट मात्र ना पेस्टने सुटली, ना एसएसडीने. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. नेमकं आमच्या दिवाळीच्या तोंडावर. आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, सातव्या पिढीतले एखाद-दुसरे अपवाद सोडले तर. माझा ७४०० त्यात नाही. तो साडेआठ हजारांचा ७७०० सुद्धा नाही! हे मला कळलं तेव्हा त्या दुकानदाराकडे गेले नाही याचा फार आनंद झाला. मी एसएसडीवर उबंटू टाकलं, अँड्रॉइड स्टुडिओ त्यावर उत्तम चालतं (वरचा एक मिनिट पन्नास सेकंदांचा आकडा त्यावरचाच, त्यामुळे काही श्रेय लिनक्सचंही असेल, हे प्रामाणिकपणे सांगते). बाबांच्या नोटिसांसाठी जुन्या डिस्कवरचं विंडोज ठेवलं आणि एका वर्षाच्या वाढीव अपडेट्ससाठी नाव नोंदवलं. त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. म्हणजे सगळंच नवीन घ्यायचा प्रश्न पुन्हा येणार आहे, नाही असं नाही. तोपर्यंत मला इंटर्नशिप मिळालेली असावी, असं माझं म्हणणं आहे. त्यावर बाबा काही म्हणत नाहीत.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी ग्रुप परत घरी आला. ॲप चाललं. ग्रुप लीडरने विचारलं, "नवीन प्रोसेसर घेतलास?" मी म्हटलं, "नाही, बाबांनी दुरुस्त केला." या वेळी मराठीत, जरा मोठ्याने. बाबा दारातच होते. "मी काय केलं, एक पाय बसवला," असं म्हणत आत गेले. पण नंतर तासभर ते बाहेरच्या खोलीत काही ना काही कारण काढून येत होते.

मी त्या स्क्रॅपबद्दल त्यांची माफी मागितली का? नाही. कशी मागायची ते मला कुठल्याच भाषेत जमलं नाही. हा लेख छापून आला की अंक टीव्हीच्या स्टुलावर ठेवून देईन म्हणते.

हिशोब लिहिलेला कागद मात्र मी परवा शोधत होते, या लेखासाठी आकडे हवे होते म्हणून. एलआयसीच्या फाइलमध्ये सापडला. बाबांनी त्या दिवशी हाताला आला तो कागद घेतला असणार. एका बाजूला ७९, ८७, ८९, ९८, खाली ६८, मग सेकंद, भागाकार, अडीच रुपये, ३४० रुपये, चोवीस रुपये. उलटून बघितलं तर तोच पतपेढीचा अर्ज. चाळीस हजार, जामीनदारांच्या सह्या, सगळं तसंच.

मी विचारलं, "बाबा, हा फाडून टाकू का?"

ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे. मागच्या बाजूला आकडे आहेत."